तीन दिवसांची धार

“गाईची धार काढून झाली का?” चौगुले सरांनी जिन्यातूनच ओरडून विचारलं.

“झाली सर! आज भरपूर निघाली!” मीही आतून ओरडले.

बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाईंनी हे ऐकून कान टवकारले असणार. पाच मिनिटांनी मी नाव पुकारायला दार उघडलं, तर त्या बाकावर नव्हत्याच. खिडकीचे गज धरून खालच्या आवारात वाकून वाकून काहीतरी शोधत होत्या.

“अनसूया मगदूम?”

“मीच की. गोठा कुठल्या अंगाला हाय गं?”

“कसला गोठा?”

“आत्ता म्हनलीस न्हवं, धार काढली म्हनून? दवाखान्यात गाय पाळलीया, तर श्यानाचा वास कसा येत न्हाई?”

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, पण उत्तर मिळाल्याशिवाय हलायला तयार नव्हत्या. पंचावन्नच्या आसपासच्या, काटक, हिरवं नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. शिरोळकडच्या एका खेड्यातून मुलाबरोबर आल्या होत्या. मुलगा खाली कागदपत्रांच्या खिडकीशी उभा होता.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, चिपळूणहून कोल्हापूरकडच्या एका रुग्णालयात नोकरीला आले होते. आमच्या विभागाचं नाव मोठं भारदस्त, अणुवैद्यक विभाग. प्रत्यक्षात तीन खोल्या, एक कॅमेरा, मी आणि चौगुले सर. दर शुक्रवारी पहाटे मुंबईहून शिशाचा एक जड डबा यायचा. त्याच्या पोटात मोलिब्डेनम नावाचं मूलद्रव्य असतं. ते आपोआप मोडत राहतं आणि त्यातून टेक्नेशियम तयार होतं. डब्याच्या एका तोंडाला मिठाचं पाणी लावायचं, दुसऱ्या तोंडाला हवा काढून घेतलेली बाटली. बाटली पाणी आत ओढते आणि त्याबरोबर टेक्नेशियम धुऊन येतं. आज धुतलं की उद्या पुन्हा नवं तयार. म्हणून या धंद्यातले लोक त्या डब्याला गाय म्हणतात. कोल्हापूरकडे तर पाण्यापेक्षा दूध जास्त, त्यामुळे आम्ही सरळ ‘धार काढली का’ असंच विचारायचो.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. तशी गरज नव्हती. पण त्यांनी इतक्या मनापासून विचारलं होतं, की सांगताना मलाच मजा यायला लागली.

“म्हंजी डबा आई आनि ते टेकनी का काय, ते तिचं दूध,” त्या म्हणाल्या.

“अगदी तसंच.”

“आनि ते दूध मला पाजनार?”

“पाजणार नाही, टोचणार. थोडंसंच.”

“आनि मग?”

मग काय, ते मी त्यांना आत नेऊन खुर्चीवर बसवल्यावर सांगितलं. बाईंच्या उजव्या स्तनात कर्करोगाची गाठ होती. ती दुपारी दोन वाजता शिरगुप्पी मॅडम काढणार होत्या. प्रश्न गाठीचा नव्हता, बगलेचा होता. बगलेत वीस-पंचवीस लहान लहान लसीकाग्रंथी असतात. रोग पसरायला लागला की त्यातल्या एका ठराविक ग्रंथीत आधी शिरतो. तिला आम्ही पहारेकरी म्हणायचो. पहारेकरी सापडली आणि ती स्वच्छ निघाली, तर बाकीच्यांना हात लावायची गरज नाही. सापडली नाही, तर धोका नको म्हणून सगळी बगल साफ करायची.

“आनि साफ केली की हात सुजतोय,” अनसाक्का म्हणाल्या. एव्हाना त्यांनी मला अनसाक्काच म्हणायला लावलं होतं. “मॅडमनं सांगितलंय मला. सगळ्यांचा न्हाई, पर लई जनींचा. जल्मभर. जड उचलायचं न्हाई, पिळायचं न्हाई, ओढायचं न्हाई. आता सांग, चार म्हसरं हायेत माझी. दोन टायमाला मी धार काढतो. सून घाबरतीया, पोरगा आडदांड. आनि चंद्री तर माझ्या बिगर कुनाच्या हाताला पान्हाच सोडत न्हाई. एका हातानं म्हस पिळत्यात व्हय कुठं?”

त्या भागातल्या बायका स्वतःबद्दल ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलतात. चिपळूणच्या मला पहिले सहा महिने त्याचं हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. अनसाक्कांनी बोलता बोलता उजव्या हाताची मूठ वळून दाखवली होती, अंगठा आत दुमडून. त्या हाताची नस न् नस कामाची होती.

“सापडेल पहारेकरी,” मी म्हटलं. “तेच तर आमचं काम आहे.”

सापडवायची कशी, तर टेक्नेशियमला एखाद्या कणावर बसवून पाठवायचं. आमच्याकडे प्रथिनाच्या कणांची पूड बाटलीत बंद होऊन यायची. कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी मावावेत. अनसाक्कांनी लगेच स्वतःच्या अंबाड्यातला एक केस ओढून उजेडात धरला.

“ह्याच्यात हजार?”

“हजार. त्याहून मोठा कण असला तर टोचल्या जागीच बसून राहतो. फारच लहान असला तर ग्रंथीतून निसटून पुढे जातो. या मापाचा असला की बरोबर पहिल्या ग्रंथीत अडकतो. टेक्नेशियम त्याच्या पाठीवर बसलेलं असतं, त्यातून किरण निघतात, ते कॅमेऱ्याला दिसतात.”

“चाळनीचं गनित हाय म्हन की.” केस त्यांनी पुन्हा अंबाड्यात खोचून टाकला. “सोपं हाय. उगं इंग्रजीत सांगून घाबरवत्यात.”

सव्वानऊला शिरगुप्पी मॅडम खाली आल्या आणि त्यांनी इंजेक्शन दिलं. ते फार झोंबतं. अनसाक्कांनी दात आवळले. मॅडम मला म्हणाल्या, “दोनला टेबलवर घेते. त्याआधी मला त्वचेवर फुली करून हवी, पहारेकरी कुठे आहे त्याची.” आणि गेल्या. एरवी त्यांचे ऑपरेशनचे वार मंगळवार आणि गुरुवार. पण दुसऱ्या दिवशी सरकारी सुट्टी होती, म्हणून सगळं सोमवारवर आलं होतं आणि सगळ्यांची धावपळ चालली होती.

एक तासानं मी कॅमेऱ्यावर चित्र घेतलं. टोचल्या जागी मोठा काळा ठिपका होता, तो असणारच. बगल मात्र कोरी. मी पुन्हा घेतलं. हात वर करून घेतलं, बाजूनं घेतलं, दहा मिनिटं जास्त वेळ घेतलं. काही नाही. गंमत म्हणजे गळ्याशी मात्र छान काळं दिसत होतं, दोन पाकळ्यांसारखं. ती थायरॉईड ग्रंथी होती. तिचं तिथं काय काम, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला, पण अर्धवट. माझं सगळं लक्ष बगलेत होतं.

चौगुले सर मागे येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, सरळमार्गी, नाकासमोर चालणारे. त्यांच्या हाताखालून वीस वर्षांत हजारो स्कॅन गेले होते.

“नाही दिसत,” ते म्हणाले.

“नाही ना.”

“कधी कधी होतं असं. शंभरात चार-पाच जणींचं होतंच. पुस्तकात लिहिलंय. वहीत लिही, ग्रंथी दिसली नाही. मॅडमना मी कळवतो.”

त्यांनी हे अगदी शांतपणे सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. होतंच असं. मी पेन उचललं. पण बाई आत झोपलेल्या होत्या आणि त्यांना उठा म्हणून सांगायला मलाच जायचं होतं. मी पेन खाली ठेवलं आणि आधी आत गेले.

“गावली?”

“अजून नाही, अनसाक्का.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हशीचा डोळा बघून तिचं दुखणं ओळखणारी बाई ती, माझ्यासारख्या पोरीचं काय लपणार! त्या टेबलावर उठून बसल्या, पदर नीट केला.

“गाईचं दूध चांगलं न्हवतं व्हय?”

“दूध चांगलं होतं. भरपूर होतं.” मी उगाच बोलत राहिले. “रोजच्यापेक्षा जास्तच निघालं आज. सुट्टीनंतर जास्त निघतं.”

“कसली सुट्टी?”

“शनिवार-रविवार आम्ही बंद असतो.”

“मग धार कोन काढतंय?”

“कोणीच नाही.”

“काल काढली न्हाई?”

“नाही.”

“परवा?”

“नाही. शुक्रवारी सकाळी काढली होती, त्यानंतर आज.”

अनसाक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांचा आवाज चढला.

“आनि तीन दिसांची तटलेली धार तू मला टोचलीस?”

“अहो, ते खरं दूध नाही. नासत नाही ते.”

“नासतंय का न्हाई मला काय ठावं. पर तीन दिस न पिळलेल्या म्हशीचं पयलं दूध कुनी भांड्यात घेतंय व्हय? शिळं असतंय ते, कासंत बसून बसून. ते भुईवर सोडायचं. मग दोन घटका थांबायचं, नव्यानं उतरतंय तेवढंच घ्यायचं. थोडं का आसंना, ताजं असतंय. माझी सून बी शानी हाय एवढी.”

मी हसणार होते. खरंच तोंडावर हसू आलं होतं. आणि मग ते तिथंच थांबलं.

शिळं दूध. टेक्नेशियम शिळं होतं का? होतं. सहा तासांत निम्मं विझतं, पुढच्या सहा तासांत उरलेल्यातलं निम्मं. हे आम्हाला पाठ होतं. पण विझतं म्हणजे नाहीसं होत नाही. किरण सोडून ते थंड होतं, पण असतं टेक्नेशियमच. तीन दिवस डबा बंद ठेवला, तर आत ताजं बनत राहणार आणि विझलेलं साठत राहणार. सोमवारी पहिल्या धारेत दोन्ही बरोबरच बाहेर येणार. मी भिंतीला टेकून बोटांवर हिशेब केला. दहात एखादाच अणू पेटता, बाकीचे विझलेले.

बरं, विझलेले आले म्हणून काय बिघडलं? ते दिसत नाहीत, आपल्या वाटेनं जातील. पण प्रथिनाच्या बाटलीत टेक्नेशियम कणांवर आपोआप बसत नाही. त्याला बसवायला त्या बाटलीत चिमूटभर कथिल घातलेलं असतं. अगदी चिमूटभर. आणि कथिलाला काय कळणार, पेटता कोण आणि विझलेला कोण! जो आधी येईल त्याला ते कणावर बसवणार. सगळं कथिल विझलेल्यांनीच संपवलं असलं, तर पेटते बिचारे मोकळेच फिरणार. आणि मोकळं टेक्नेशियम शरीरात कुठं जाऊन बसतं?

थायरॉईडमध्ये.

“अनसाक्का, उठू नका,” मी म्हटलं. “इथंच बसा. मी आलेच.”

प्रथिनाच्या प्रत्येक खोक्यात बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद येतो. खोकं फोडलं की तो पहिल्यांदा केराच्या डब्यात जातो. दोन वर्षांत मी असे कितीतरी कागद टाकले होते. सकाळचा टाकलेला अजून डब्यात होता. मी तो काढून टेबलावर सपाट केला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की आधीच्या चोवीस तासांत एकदा तरी धुतलेल्या जनरेटरचंच, म्हणजे आमच्या गाईचंच, द्रावण या बाटलीसाठी वापरावं. एवढं एकच वाक्य. ठळकसुद्धा नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला आजही जड जातं. बाटली तयार झाली की तिच्यातला एक थेंब कागदाच्या पट्टीवर टाकून तपासायचा असतो. कणांवर बसलेलं टेक्नेशियम खाली राहतं, मोकळं असलेलं पट्टीच्या टोकापर्यंत चढतं. दहा मिनिटांचं काम. सकाळी घाई होती म्हणून मी ते केलं नव्हतं. खरं सांगायचं तर या बाटलीचं आम्ही कधीच करत नव्हतो, कारण कधी अडलंच नव्हतं.

उरलेल्या बाटलीतला थेंब मी पट्टीवर टाकला. दहा मिनिटांनी मोजलं. निम्म्याहून जास्त वर चढलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंदच झाला. कोडं सुटलं होतं!

सर फोनपाशी उभे होते. मी पट्टी आणि कागद त्यांच्यापुढे धरले आणि एका दमात सगळं सांगितलं.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“अनसाक्कांनी.”

“कोण अनसाक्का?”

“पेशंट, सर.”

सरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. “विनया, दोन वर्षं दर सोमवारी आपण हाडांचे स्कॅन करतोय. एक तरी बिघडला का?”

“हाडांच्या बाटलीत कथिल भरपूर असतं, सर. तिला विझलेले पेटते दोन्ही पुरतात. या बाटलीत नसतं.”

सर कागद वाचत राहिले. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचला.

“पुन्हा धार काढू या,” मी म्हटलं. “सकाळी पावणेआठला पिळलीय. चार तास होत आले. थोडंच निघेल, पण सगळं ताजं. आपल्याला लागतं केवढंसं!”

“दिवसातून एकच धार काढायची, असा नियम आहे.”

“कुणाचा?”

“माझा.” सर म्हणाले. मग जरा वरमून म्हणाले, “उद्याच्या स्कॅनला कमी पडतं.”

“उद्या सुट्टी आहे, सर.”

सरांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, “प्रथिनाची दुसरी बाटली गुरुवारच्या पेशंटची आहे. आणि मॅडमना काय सांगणार? पहिलं वाया गेलं म्हणून? काहीच सांगितलं नाही तर कुणी विचारणारही नाही. असं होतंच म्हणून सगळ्यांना माहीत आहे.”

ते मला धमकावत नव्हते. जे होतं ते सांगत होते. मी फोन उचलला आणि मॅडमचा नंबर फिरवला. माझी पाचावर धारण बसली होती, कारण शिरगुप्पी मॅडम नाकावर माशी बसू देत नसत.

“मॅडम, सकाळचं औषध खराब होतं. मी तपासलं नव्हतं. आता तपासलं. ग्रंथी दिसत नाही ती आमच्यामुळे, पेशंटमुळे नाही. मला एक तास द्या.”

“दीडपर्यंत,” मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

फोन खाली ठेवून वळले तर सर खोलीत नव्हते. ते आत गाईपाशी होते. हातमोजे घालून त्यांनी बाटली लावलीसुद्धा होती. मिठाचं पाणी बुडबुडत आत जाताना ते मान वाकडी करून बघत होते.

अनसाक्कांना सांगायचं उरलं होतं. दुसरं इंजेक्शन म्हणजे पुन्हा तेच झोंबणं.

“चूक झाली, अनसाक्का. पुन्हा टोचावं लागेल.”

“कुनाची चूक? गाईची?”

हो म्हणणं फार सोपं होतं. आमच्या त्या लाडक्या शब्दाचा तेवढा तरी फायदा झाला असता.

“माझी. औषध पट्टीवर तपासायचं होतं, मी तपासलं नाही.”

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “मला वाटलंच,” त्या म्हणाल्या. “म्हस कधी चुकत न्हाई, पिळनारा चुकतोय. बोलव तुझ्या मॅडमला. पर ह्या टायमाला पट्टी का काय म्हनलीस ती माझ्या म्होरं लाव.”

लावली. त्यांच्या मांडीवर रुमाल पसरून, त्यावर ट्रे ठेवून. शंभरातले सत्त्याण्णव भाग टेक्नेशियम कणांवर बसलं होतं. मी आकडा सांगितला तेव्हा अनसाक्कांनी परीक्षक असल्यासारखी मान हलवली.

टोचल्यानंतर ती जागा पाच मिनिटं हलक्या हातानं चोळायची असते, म्हणजे कण वाहत पुढे सरकतात. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. “तुला येत न्हाई. पान्हा आनायचं मला नको शिकवू.” आणि डोळे मिटून त्या स्वतःच चोळत बसल्या, खालून वर, बगलेच्या दिशेनं, न थांबता.

बारा पन्नासला मी कॅमेरा सुरू केला. आधी नुसते विखुरलेले ठिपके. मग टोचल्या जागेपासून एक पुसट रेघ निघाल्यासारखी वाटली. सर माझ्या खांद्यावरून बघत होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. रेघ बगलेपर्यंत गेली आणि तिच्या टोकाला एक ठिपका हळूहळू भरत गेला. मुगाच्या दाण्याएवढा, पण काळाभोर.

“आली,” सर म्हणाले.

“मला दावा की!” अनसाक्का झोपल्या जागेवरून ओरडल्या. मी पडदा त्यांच्याकडे फिरवला. “एवढीशी? आनि हिच्यापायी एवढा दंगा?” पण नजर काढेनात. मी त्यांच्या बगलेत शाईची फुली केली तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. किती ताकद होती त्या हातात!

साडेतीनला फोन वाजला. मॅडम होत्या.

“पहारेकरी मिळाली. तिथल्या तिथे तपासली. स्वच्छ आहे. बगलेला हात लावला नाही मी.”

माझा जीव भांड्यात पडला.

“तू फोन केला नसतास ना,” मॅडम म्हणाल्या, “तर मी अर्ध्या तासात सगळ्या काढून मोकळी झाले असते. त्या स्वच्छ निघाल्या असत्या आणि आपण सगळे खूश झालो असतो.”

मला ते वाक्य तेव्हा नीट कळलं नाही. मी नुसती आनंदात होते. सरांना सांगितलं, त्यांनी खालून चहा मागवला. ‘एका म्हशीवाल्या बाईनं शिकवलं आपल्याला’ असं म्हणून ते पुन्हा पुन्हा हसत होते. मलाही चैन पडेना. नवीन काही कळलं की आणखी थोडं बघावंसं वाटतं ना, तसं मला आपलं कुतूहल वाटलं. माझं म्हणणं खरं असेल, तर आधीही असं व्हायला हवं होतं. सोमवारी.

कपाटातून दोन वर्षांची काळ्या पुठ्ठ्याची वही काढली. बासष्ट जणी. त्यातल्या सहाजणींच्या पुढे ‘ग्रंथी दिसली नाही’ असा शेरा होता. सहाही ठिकाणी अक्षर माझंच. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून शेजारी ठेवलं, तारखेवरून वार बघायला लागले.

“पहिली,” मी म्हटलं, “सोमवार!”

“काय सांगतेस!” सर खुर्ची ओढून जवळ आले.

“दुसरी, सोमवार! सर, बघा, बरोबर निघालं! तिसरी गुरुवार. असू दे, ती खरीच दिसली नसेल. चौथी मंगळवार. थांबा, आदल्या दिवशी सुट्टी होती. म्हणजे तीच गत! पाचवी...”

पाचव्या वेळी तारीख बघायच्या आधी चुकून नावाकडे लक्ष गेलं. सुलोचना बाबू तिवडे. वय एकेचाळीस. धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं, शिवणकाम.

मी थांबले.

“वार?” सर म्हणाले. ते अजून हसत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वही स्वतःकडे ओढून घेतली आणि तेही नाव वाचलं.

सोमवारच होता. सहावीचाही. सरांनी फोन उचलला आणि खाली नोंदीच्या खोलीतून तिवडे बाईंचा अहवाल वाचून दाखवायला सांगितला. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता. उजवी बगल पूर्ण साफ केली. काढलेल्या ग्रंथी बावीस. रोग एकीतही नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही गुरुवारची सोडून त्या पाचही जणींना पत्रं घातली, झालं ते लिहून. मजकूर सरांनी स्वतःच्या हातानं लिहिला. पण त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर मला तिवडे बाईंच्या नवऱ्याची आठवण येत राहिली. बावीसच्या बावीस चांगल्या निघाल्या, म्हणून तो पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या विभागात आला होता. दारात चपला काढून, हात जोडून उभा होता. सरांनी एक पेढा घेतला होता. मी दोन खाल्ले होते.